फियाटचं पाणी जातं कुठं?

२ एप्रिल १९९५, रविवार

निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसातल्या पोरांनी ही डायरी दिली. तीन महिने कपाटात पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं. आज गाडी तापली.

बर्कतपुऱ्याच्या चौकात काटा लाल रेषेला जाऊन टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मागून एक नवी कोरी मारुती हॉर्न वाजवत गेली. आतल्या पोराने वळून पाहिलं आणि हसला. पंचफुला शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "थांबा जरा. तिला दम खाऊ द्या." पंधरा मिनिटं थांबलो, पाणी घातलं, नल्लकुंट्याला घरी आलो.

अमरदीपला आयतंच कोलीत मिळालं. आमचे चिरंजीव कॉम्प्युटरच्या कंपनीत लागल्यापासून त्यांना जुनं काही चालत नाही. त्याने मारुती बुक केलीय, दीड महिन्यात येणार. दारात जागा एकाच गाडीची. "बाबा, लाइट घ्या, सोडा तिला आता. सतरा वर्षं झाली. किती दिवस ओढणार?"

मी म्हटलं, बुद्धपौर्णिमेला गावी जायचंय. १४ मे. विहाराचं उद्घाटन आहे, पायरीवर मायचं नाव कोरलंय. तिथं मी ह्याच गाडीतून जाणार, तुझ्या आईला पुढच्या सीटवर बसवून.

शेवटी असं ठरलं: १० मेपर्यंत गाडी नीट झाली तर गावाला हीच जाईल, आणि नंतरचं नंतर बघू. नाही झाली तर आम्ही बसने जायचं आणि मी गाडी मुकाट्याने विकायची. अमरदीप म्हणाला, गौसभाई मेकॅनिकला दाखवून टाका. नाही दाखवणार. टेलिफोन खात्यात तीस वर्षं मी फॉल्ट शोधले. अफझलगंजपासून मलकपेठपर्यंत कुठली केबल कुठं कुजलीय ते मी खांबाला कान लावून सांगायचो. एका फियाटचा फॉल्ट मला सापडत नाही म्हणजे काय?

४ एप्रिल, मंगळवार

खात्याची शिस्त अशी: आधी मोजायचं, मग खोलायचं. डायरीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. तारीख, किती किलोमीटर, किती पाणी घातलं. मोजायला काचेची जुनी सरबताची बाटली घेतली, तिला लाल रंगाने रेघ मारली. आजचं पाणी एक बाटली.

रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. सकाळी बघतो तर एका कोपऱ्यात बोटाएवढा ओला डाग, बाकी कोरडं. एवढ्याशा गळतीने बाटलीभर पाणी जाईल कसं? रेडिएटरचं झाकण सैल वाटलं म्हणून नवं आणून बसवलं. पंचफुला ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "दुखणं हल्याला अन् इंजेक्शन पखालीला." बायकोला गाडीतलं काही कळत नाही पण म्हणी सगळ्या पाठ.

८ एप्रिल, शनिवार

झाकण बदलून काही फरक नाही. आज सव्वा बाटली. होजपाइपची क्लिप आवळली.

नळ आता एक दिवसाआड येतो, तोही पहाटे तासभर. काल संध्याकाळी भरलेला माठ आज दुपारी रिकामा. मी पंचफुलाला म्हटलं, "अगं, तुझ्यापेक्षा माझी फियाट कमी पिते!" ती हसली. म्हणाली, "घशाला नुसती कोरड पडायलीय. उन्हाळाच असला आहे." खरंय, एप्रिलच्या सुरुवातीलाच रस्ते तापलेत. एक माठ आणखी आणायला हवा.

९ एप्रिल, रविवार

आज दिवसभर गाडी पुसली. पुसताना गाडी घेतली ते वर्ष आठवत राहिलं, म्हणून लिहितो.

१९७८ साली ही गाडी एका डॉक्टरकडून जुनीच घेतली. आमच्या खात्यातल्या आमच्या समाजाच्या माणसांत चारचाकी माझी पहिली. लोकांनी नावं ठेवली, कौतुकही केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मायला आणि पंचफुलाला घेऊन गावी निघालो. देगलूर ओलांडलं आणि मग पुढं कंधारच्या वाटेला नुसती धूळ. माय पुढच्या सीटवर, डोक्यावरचा पदर दाताखाली धरून. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत पुढं बसली होती. आणि गावात शिरलो, ते थेट पाटलांच्या आडासमोर गाडी उकळली!

तो आड. लहानपणी मायने त्याच्या बाहेर घागर ठेवून तास तास वाट पाहिलेली मी बघितली आहे. कुणाला वाटलं तर वरून पाणी ओतायचे, नाही वाटलं तर माय दीड मैलावर ओढ्याला जायची.

पाटलांचा हिम्मतराव बाहेर आला. मला ओळखलं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, "हिला पाणी लागतंय जणू?" आणि स्वतः दोन कळशा शेंदून घेऊन आला. रेडिएटर भरला. दुसऱ्या कळशीत थोडं उरलं. माय खाली उतरली, कळशी उचलली आणि सगळ्यांसमोर ओंजळ धरून ते पाणी प्यायली. माय पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "मला नाही दिलं कधी ह्या आडाचं पाणी. तुझ्या गाडीला दिलं बघ."

ती हसत होती. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं, कारण मला रडू येत होतं. पंचफुलाने ते पाहिलं आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

अमरदीप तेव्हा सहा वर्षांचा, नल्लकुंट्यात शेजाऱ्यांकडे राहिला होता. हे त्याला एकदा सांगायला गेलो तर म्हणाला, "बाबा, पुरानी स्टोरी नको." सांगितलं नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. दरवर्षीप्रमाणे गाडीला निळे झेंडे लावले, टपावर तसबीर बांधली. मिरवणूक मुंगीच्या पावलाने चालते, आणि इंजिनाला त्याच्याइतकं वाईट काही नाही. नामपल्ली स्टेशनच्या अलीकडेच काटा लाल रेषेवर. पोरांनी ढकलत बाजूला घेतली. पंचफुला बाकीची मिरवणूक चालत गेली, नव्या चपला घालून. डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल चावली.

तिथंच हणमंतराव भेटले. आमच्याच गल्लीत राहतात, सरकारी बसचे जुने ड्रायव्हर. म्हणाले, "दौलतराव, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका. आमच्या वेळी जंगलात गाडी गळली की हाच इलाज. हळद फुगते अन् भोक बुजतं."

घरी आल्यावर पंचफुलाकडे हळद मागितली. ती तेव्हा करंगळीला हळदच लावत होती. डबा पुढं केला. "घ्या. तुमच्या बाईला बी लावा."

१९ एप्रिल, बुधवार

हणमंतरावांना साखर वाटावीशी वाटते! पाच दिवसांत गाडीला एक थेंब पाणी लागलं नाही. वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत. रकान्यात शून्य, शून्य, शून्य. अमरदीपला बोलावून पान दाखवलं. तो म्हणाला, "हळद? बाबा, तुम्ही भी ना." पण पान दोनदा वाचलं.

न्हाणीघरात मुंग्या फार झाल्यात. पावडर टाकली, दोन दिवसांनी परत आल्या. पंचफुलाच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातात हल्ली. मी म्हटलं, बरं झालं, बारीक झालीस, गावी सगळे म्हणतील शहरातली बाई. ती म्हणाली, झोप लागत नाही, दहा वेळा उठावं लागतं. माठांचा परिणाम असणार. आता दोन माठ आहेत आणि दोन्ही रिकामे होतात.

२५ एप्रिल, मंगळवार

लिहायची लाज वाटते. गाडी परत तापली आणि आधीपेक्षा वाईट. दोन बाटल्या पाणी, आणि खाली एकही डाग नाही. मागून पांढरा धूर. मी चार वेळा वाकून बघितलं. जमिनीवर नाही, पाइपला नाही, पंपाला नाही. मग पाणी जातं कुठं?

आणखी एक मूठ हळद टाकली.

२८ एप्रिल, शुक्रवार

तीन बाटल्या. गाडी दारातून पंचवीस पावलं गेली आणि बंद पडली. ढकलत आणली. अमरदीपने मदत केली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

पंचफुलाची करंगळी अजून ओलीच आहे. हळद लावते, वर चिंधी बांधते. दुखत नाही म्हणते. दुखत नाही म्हणजे बरी होत असावी.

उद्या गौसभाईला बोलावतो. तीस वर्षांची अब्रू गेली ती गेली.

२९ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस नीट क्रमाने लिहितो.

गौसभाई जामबागच्या गल्लीतून सायकलवर आले, हँडलला हत्यारांची पिशवी. सतरा वर्षं ही गाडी त्यांच्या हातातली. बॉनेट उघडलं, ऑइलची काडी ओढून बोटावर चोळली आणि माझ्यापुढं धरली. चहाच्या रंगाचं, घट्ट.

"दौलत साब, तेल में पानी मिल गया." मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायला सांगितली. आतलं पाणी भातासारखं बुडबुडायला लागलं. "देखे? बाहर कुछ नै गिर रा ना? तो अंदरइच जा रा. हेड का गॅस्केट गया. इंजन खुद पी रा अपना पानी."

मग त्यांनी खालचा नळ सोडला. पिवळं पाणी आलं. नुसतं पिवळं नाही, गाळच. ते माझ्याकडे बघत राहिले.

"ये क्या डाले आप?"

"हळद."

"अरे अल्ला!" ते ओट्यावर बसले. "साब, पहले कुछ बी नै था. पंप का सील थोडा गल रा था बस. हल्दी से उन्हे बंद हुआ, हौ. पर रेडिएटर की बारीक नलियाँ बी बंद हो गये ना! गाडी तपी, गॅस्केट जला. छोटी बीमारी को आप ढाँक को बडी कर दिये. मेरे कू कायकू नै बोले?"

मी पिवळा गाळ पायाने मातीत मिसळत राहिलो.

पंचफुला चहा घेऊन आली. गौसभाईंना कप दिला, स्वतःला तांब्या भरून घेतला आणि उभ्याउभ्या सगळा प्यायली. बोलता बोलता आत जाऊन आणखी एक भरून आणला. तोही संपवला. गौसभाई चहा प्यायचे थांबले. तिच्या पायाच्या चिंधीकडे बघितलं, चिंधीखालून हळद ओघळून वाळली होती. मग तिच्या बांगड्यांकडे.

"भाभी, इत्ता पानी रोज पीते?"

"उन्हाळा आहे ना भाई."

"रात कू उठते? बार बार?"

ती लाजली. मी म्हटलं, हो, उठते. गौसभाईंनी कप खाली ठेवला.

"साब, गाडी कू मैं टोचन लगा के ले जातूँ. उसकी फिकर नक्को करो. आप भाभी कू दवाखाने ले जाव. आज. अबीच्. मेरी अम्मी का बी ऐसाइच् था, हम लोगाँ बी गरमी है बोल के बैठे रहे. फिर पाँव काटे."

मला राग आला. खरं लिहायचं तर राग आला. गाडीची माणसं बाईला काय तपासतात, असं मनात आलं. मग न्हाणीघरातल्या मुंग्या आठवल्या.

अमरदीप रिक्षा घेऊन आला.

३० एप्रिल, रविवार

रक्तात साखर चारशेच्या वर; लघवीतही, म्हणूनच त्या मुंग्या. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तेलुगू. करंगळी उघडून बघितली आणि मला विचारलं, किती दिवसांपासून तहान? मी म्हटलं, नक्की माहीत नाही. गाडीला कुठल्या दिवशी किती पाणी लागलं ते मी त्यांना तारखेनिशी सांगू शकलो असतो.

पाय वाचेल म्हणतात. करंगळीचं सांगता येत नाही.

४ मे, गुरुवार

करंगळी काढली. बाकी पाय सुरक्षित आहे. इन्सुलिन सुरू आहे, तहान कमी झालीय.

तिने विचारलं, "गाडी झाली का?" मी म्हटलं, गाडी जाऊ दे खड्ड्यात. मी उगाच खिशातून ही डायरी काढली, औषधांच्या वेळा लिहाव्यात म्हणून. तिने मागचं पान उघडून घेतलं. तिला वाचायला वेळ लागतो. बोट फिरवत फिरवत सगळे रकाने वाचले. एक बाटली. सव्वा. शून्य, शून्य. दोन. तीन.

"गाडीचं रोज मोजलंत," ती म्हणाली. रागाने नाही. "माझं एक दिवस मोजायचं होतं."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. इथं डोकं घालायला बॉनेटही नव्हतं.

९ मे, मंगळवार

गौसभाई गाडी घेऊन दवाखान्यात आले. हेड खोललं, घासलं, नवा गॅस्केट, पंपाचा सील, रेडिएटर तीन वेळा धुतला. आत आता बाजारात नवं आलेलं हिरवं पाणी घातलंय, ते लवकर उकळत नाही म्हणे. "अब हल्दी सालन में डालो," मला म्हणाले. पंचफुला खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी गाडी तयार. जिंकलो मी. आणि पौर्णिमेला गावी जाता येणार नाही. तिला आणखी आठवडाभर सोडत नाहीत, आणि तिला सोडून मी कुठं जाणार?

अमरदीपला म्हटलं, विकून टाक. त्याने किल्ली घेतली. कुठं ठेवली ते मी विचारलं नाही.

१४ मे, रविवार

बुद्धपौर्णिमा. पंचफुलाच्या खाटेजवळ मेणबत्ती लावायला नर्सने मनाई केली, म्हणून दोघांनी नुसतेच हात जोडले. विहाराच्या पायरीवरचं मायचं नाव कुणीतरी ओलांडून जाईल आज, आणि आम्ही तिथं नाही.

अमरदीप काल दुपारपासून दिसला नाही. मी चिडलो. आज तरी आईजवळ थांबायला नको? पंचफुला भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण तिचे खांदे हलत होते. रडत असणार.

१५ मे, सोमवार

संध्याकाळी अमरदीप आला. शर्ट मळलेला, केसांत धूळ. हातात ती लाल रेघेची सरबताची बाटली.

"गाडी तापली नाही बाबा. जाताना नाही, येताना नाही."

मला कळेना. मग हळूहळू सांगायला लागला. गेल्या आठवड्यात रात्री आईजवळ झोपायचा तेव्हा आईने त्याला सगळं सांगितलं. आड, कळशी, माय. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं तेसुद्धा. शनिवारी दुपारी तो घरी गेला, भिंतीवरचा मायचा फोटो काढला, पुढच्या सीटवर ठेवून त्याला दोरीने बांधला आणि निघाला. एकटा. ज्याला ह्या जुन्या गाडीत बसायची लाज वाटते तो, माझ्या फियाटमधून. म्हणजे काल पंचफुला रडत नव्हती, हसत होती.

उद्घाटनाच्या वेळी फोटो पायरीवर ठेवला. परतताना आडापाशी गाडी थांबवली. आडावर आता मोटर बसलीय, नळ आहे, कुणीही भरतं. हिम्मतराव बाजेवर बसले होते, दात नाहीत, डोळे गेलेत. त्यांनी आवाजावरून ओळखलं. अमरदीपला नाही, गाडीला.

"दौलतची मोटार ना? पाणी पाहिजे असंल."

"मी म्हटलं, नको, गाडी भरलेली आहे," अमरदीप म्हणाला. "मग म्हटलं, द्या. माझ्या आईला पाहिजे."

बाटली मी हातात घेतली. लाल रेघेपर्यंत बरोबर भरलेली. नर्सने हरकत घेतली, बाहेरचं पाणी नको. मी कँटीनमध्ये जाऊन ते उकळून आणलं, गार केलं, गाळलं. चार माणसं बघत होती. बघू देत.

पंचफुला उशीला टेकून बसली. एक ग्लास सावकाश प्यायली. तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोड आहे." मग स्वतःच घाबरून म्हणाली, "चालतं ना?" आम्ही तिघंही हसलो.

गाडी विकायची की नाही, ते अमरदीपने काढलं नाही, मीही नाही.

मागच्या पानावर गाडीचे रकाने अजून निम्मे रिकामे आहेत. त्यांच्यावर रेघ मारली आणि खाली नवे आखले.

१५ मे. पंचफुला. पाणी: सहा ग्लास. त्यातला एक गावचा.